पाच की सात?

आमच्या हिच्या माहेरचे बोलावणे आले की मी आधी कारण शोधतो. ३५ वर्षे बँकेत काढल्याचा हा परिणाम आहे. कोणी आपण होऊन पैसे भरायला आला तरी नोट उजेडात धरून पाहायची सवय! त्यामुळे गेल्या जानेवारीत, संक्रांतीचे तिळगूळ अजून दातांत अडकलेले असताना, पुण्याहून वहिनींचा फोन आला आणि "शनिवार-रविवार या, भावोजींना म्हणावं अण्णांबरोबर गोल्फ खेळायचंय," असा निरोप मिळाला, तेव्हा मी हिला विचारले, "काय भानगड आहे?"

"भानगड कसली? माझं हळदीकुंकू, तुमचा खेळ. माणसं प्रेमानं बोलावतात हो कधी कधी!"

या सदराच्या वाचकांना माझी खेळातली गती ठाऊक आहे. कॅरममध्ये मी सोंगट्यांपेक्षा स्ट्रायकरच अधिक वेळा भोकात घातला आहे. अशा माणसाला कोणी पुण्याहून गोल्फ खेळायला बोलावत असेल, तर त्यात प्रेमाखेरीज काहीतरी असलेच पाहिजे. परंतु शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दादरला दख्खनच्या राणीत बसलो. हिच्या मांडीवर लाडवांचा डबा होता. यंदा पाक जरा पुढे गेला होता. गोल्फच्या चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे. वजनाच्या बाबतीत आमचे लाडू त्यात बसले असते की नाही सांगता येत नाही, पण कडकपणात त्यांना कोणत्याही क्लबाने सन्मानाने प्रवेश दिला असता. हे मी कर्जतपर्यंत पोटात ठेवले आणि घाटात बोललो. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आमच्यात संभाषण झाले नाही.

अण्णा म्हणजे हिचे थोरले बंधू. लष्करात इंजिनियर होते, कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि वानवडीला घर बांधून राहिले. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस, हिशेबाला पक्का. घराच्या बांधकामात कंत्राटदाराने किती विटा टाकल्या हे त्यांनी स्वतः मोजले होते, आणि मोजणीत सतरा कमी भरल्या तेव्हा त्या सतरा विटा बैलगाडीतून पुन्हा आणवल्या होत्या, अशी दंतकथा हिच्या माहेरी सांगतात. बैलगाडीचा भाग मला खरा वाटत नाही. विटांचा वाटतो.

शनिवारी पहाटे गीझरने संप पुकारला. पुण्याची जानेवारीतली पहाट ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. गॅसवर तापवलेल्या अर्ध्या बादलीत मी जे केले त्याला अंघोळ म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय होईल. मग अण्णांचे जुने बूट मला देण्यात आले. ते दोन अंक मोठे असल्याने पुढे कापूस कोंबला. वर हिने सर्वांदेखत माकडटोपी चढवली. अण्णा मात्र इस्त्रीच्या विजारीत, चकाचक. फक्त मोटारीची किल्ली सापडेना. पंधरा मिनिटे शोधल्यावर ती स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यामागे निघाली. "कोणी ठेवली इथं?" अण्णा गरजले. वहिनी काही बोलल्या नाहीत. एरवी त्या बोलतात.

मैदानावर धुके होते आणि गवत दवाने भिजलेले. गोल्फ न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगतो: पुरा खेळ १८ होलांचा, आम्ही ९ खेळणार होतो. प्रत्येक होल म्हणजे लांबवर, झेंड्याखाली, सव्वाचार इंच रुंदीचे एक भोक. तिथवर चेंडू कमीत कमी फटक्यांत न्यायचा. त्यासाठी पिशवीत १४ पर्यंत काठ्या बाळगता येतात आणि तरीही माझ्यासारख्याला त्यांतली एकही उपयोगी पडत नाही. हा खेळ साहेबाने आपल्याकडे आणला तो फार पूर्वी. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा आहे. ब्रिटनबाहेर त्याच्याइतका जुना क्लब दुसरा नाही.

या खेळाची मला आवडणारी गोष्ट अशी की, अशा रोजच्या खेळात मागे पंच नसतो. आपला फटका आपण मोजायचा आणि सोबत्याने तो कार्डावर लिहायचा. चेंडू मारायला म्हणून काठी फिरवली आणि ती नुसती हवेतून गेली, तरी तो एक फटका धरतात. (या कलमाखाली माझ्या नावावर पहिल्याच होलवर तीन जमा झाले.) स्पर्धेत शेवटी दोघांनी कार्डावर सही करायची. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर खेळाडू बाद. जास्त लिहिला तर तो जास्तच कायम. आमच्या बँकेत हा नियम असता तर निम्मी शाखा बाद झाली असती, असे मी अण्णांना म्हटले. ते हसले आणि त्यांनी मला बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. १९२५ साली अमेरिकन ओपन स्पर्धेत फटका मारायच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. कोणी पाहिले नव्हते. त्याने आपण होऊन सांगितले, एक फटका दंड घेतला, आणि शेवटी बरोबरी होऊन जादा फेरीत तो हरला. अण्णा ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा होतो.

दुसऱ्या होलवर माझा चेंडू, आयुष्यात प्रथमच, बरा पडला होता. तेवढ्यात एक कावळा आला, त्याने अंडे समजून तो उचलला आणि झाडावर नेला. मी हताश. अण्णांनी तत्काळ कायदा सांगितला: पाखराने चेंडू नेल्याचे नक्की असेल तर दंड नाही, होता तिथे दुसरा चेंडू ठेवायचा. कलमासकट सांगितला. आमच्या पिशव्या सांभाळणारे कॅडी, पन्नाशीचे गृहस्थ, ज्यांना अण्णा 'मास्तर' म्हणतात, त्यांनी मान डोलावली.

तिसऱ्या होलवर अण्णांनी मला बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली.

म्हणजे पुन्हा सांगितली. पहिल्यापासून, तितक्याच रंगून. मी ऐकून घेतली. उतारवयात माणूस गोष्टी पुन्हा सांगतोच. माझ्या कावळ्याची गोष्ट घरच्यांना आता तोंडपाठ आहे.

मग चौथा होल. अण्णांचा पहिला फटका सरळ गेला. दुसरा झाडीत. तिसऱ्याने बाहेर काढला, चौथा वाळूच्या खड्ड्यात, पाचव्याने हिरवळीवर, आणि तिथून दोन. मी पेन्सिल सरसावून उभा होतो. भोकातून चेंडू उचलत अण्णा म्हणाले, "पाच लिहा."

दुसऱ्याचे पैसे मोजण्यात ज्याचा जन्म गेला त्याची मोजणी सहसा चुकत नाही. सात होते. मी अण्णांकडे पाहिले. चेहरा स्वच्छ, लहान मुलासारखा. मी मास्तरांकडे पाहिले. मास्तर झाडीकडे पाहत होते. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते.

आता तुम्ही काय केले असते? बायकोचा थोरला भाऊ, वयाने आठ वर्षांनी मोठा, सतरा विटांचा माणूस. त्याला 'तुम्ही मोजायला चुकलात' म्हणायचे? मी पाच लिहिले. पुढे सहाव्यावर एक आणि आठव्यावर दोन असेच गळाले, तेही ते म्हणाले तसे लिहिले. आणि शेवटी खाली सही ठोकली. ३५ वर्षांत चुकीच्या आकड्याखाली सही केली नव्हती, ती त्या दिवशी केली, आणि वर चहा प्यालो.

दुपारी हळदीकुंकू. बायका चाळीस, वाणाचे डबे छत्तीस. अशा हिशेबात चार डबे शेजारच्या दुकानातून पळत जाऊन मी आणले. तेवढ्यात कुटुंबवार्ता कानी आल्या. नागपूरच्या मावशींच्या नातीचे जमले, मुलगा पत्रिकेत बसत नव्हता म्हणून पत्रिकाच बाजूला ठेवली. अण्णांच्या टोरांटोच्या चिरंजीवांनी घरासमोरचा बर्फ फावड्याने काढताना कंबर धरून घेतली. आमच्या लाडवाने एका बाईंची दाढेची चांदी निघाली. त्याबद्दल अधिक लिहिण्याची मला घरातून परवानगी नाही.

रात्री अण्णा झोपल्यावर वहिनी स्वयंपाकघरात ओटा पुसत होत्या. मी पाणी प्यायला गेलो. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "भावोजी, आज किती चुकले?"

मी तांब्या खाली ठेवला. कारण सापडले होते.

"पाच," मी म्हणालो. "तीन होल मिळून."

मग त्यांनी सांगितले. दिवाळीत मास्तर फराळाला आले होते. दारातच चपला घालता घालता म्हणाले, बाईसाहेब, सांगू नये, पण साहेब हल्ली मोजायला चुकतात. वहिनींनी किल्ल्या पाहिल्या होत्या, दोनदा भरलेले विजेचे बिल पाहिले होते. पण डॉक्टरांचे नाव काढले की अण्णा चिडत. म्हणत, गोल्फचं माझं कार्ड बघ, आणि मग बोल. मुलाला कळवावे तर तो विमानात बसून येईल, आणि अण्णा त्यालाही कार्डच दाखवतील. "म्हटलं, तुम्ही बँकेतले. तुम्ही लिहिलेलं कार्ड तरी खरं असेल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. गीझर अजून बंदच होता, पण थंडीचा त्यात काही संबंध नव्हता.

रविवारी सकाळी मी उठून बाहेर आलो तेव्हा अण्णा अंगणात उन्हाला बसले होते. हातात कालचे कार्ड. चष्मा कपाळावर.

"जावईबुवा, चौथ्यावर मी वाळूत गेलो होतो ना?"

"हो."

"मग पाच कसे? झाडीतही गेलो होतो. पाचात बसत नाही ते." जरा थांबून ते म्हणाले, "किती होते?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"सात," मी म्हणालो. "सहाव्यावर एक राहिला. आणि आठव्यावर दोन."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली, तिन्ही आकडे खोडले, नवे लिहिले, बेरीज केली. बेरीज दोनदा तपासली. मग शांतपणे म्हणाले, "काल का नाही सांगितलंत? सही केलीत ना तुम्ही?" मला उत्तर नव्हते. त्यांनी आत हाक मारली, "अगं, ते डॉक्टर कधी बसतात म्हणालीस? गुरुवारी?"

आम्ही संध्याकाळच्या गाडीने परतलो. निघताना हिने उरलेले लाडू तिथेच ठेवले. अण्णांनी ते मास्तरांकरता म्हणून बाजूला काढले; मास्तरांचे दात पक्के आहेत म्हणे.

तपासण्या झाल्या. बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. तेवढे इंजेक्शनांनी भरून येणारे होते, आणि बरेचसे आलेही. बाकीचे वयाचे आहे. ते भरून येणार नाही, सांभाळायचे आहे, असे डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितले. मुलाला कळवले. तो मे महिन्यात येऊन गेला. मोटार आता वहिनी चालवतात. अण्णा शेजारी बसून गिअर कधी बदलावा हे सांगतात, आणि यावरून त्या घरात रोज जे होते ते ऐकता प्रकृती उत्तम असावी.

गोल्फ चालू आहे. मास्तर प्रत्येक फटका मोठ्याने मोजतात, गाभाऱ्यात आवर्तने मोजावीत तसे. दर रविवारी दुपारी कार्डाचा फोटो माझ्या फोनवर येतो. खाली अण्णांची सही, मास्तरांची सही, आणि 'तपासून पाहावे' असा शेरा. मी बेरीज करून उलट कळवतो.

गेल्या रविवारच्या कार्डावर चौथ्या होलपुढे पाच लिहिले होते. मी बराच वेळ पाहत राहिलो आणि मग मास्तरांना फोन लावला.

"पाचच, साहेब," मास्तर म्हणाले. "मोजून पाच. झाडीत नाही, वाळूत नाही."