सव्वीस जानेवारी कोणाची?

जानेवारी सरत आला कीं आमच्या नांदेडांतील सुशिक्षित घरांतून कालनिर्णय चाळलें जातें. सुटी रविवारला लागून आहे कीं नाहीं, हा पहिला प्रश्न, दुसरा जिलबीचा. तिसरा आम्हीं अद्याप ऐकला नाहीं.

गतवर्षीं एका स्नेह्यांकडे उतरलेल्या विलायती गृहस्थानें दिल्लीचें संचलन पाहून विचारलें, "लोकशाहीच्या सणाला रणगाडे कशाला?" घरची मंडळी ओशाळली. वस्तुतः ओशाळण्याचें कारण नव्हतें. फ्रान्सही १४ जुलैला पॅरिसच्या राजरस्त्यावरून फौज मिरवितो. शिवाय नांदेडकरानें तरी फौज पाहून कां लाजावें? देश स्वतंत्र झाला तेव्हां आम्ही निजामाची रयत होतों. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वींच बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी यांनीं तुरुंगवास सोसला, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजेपुढें निजामानें शरणागती पत्करली.

परंतु फौजेनें राजा नमविला. रयतेचे नागरिक तिनें केले नाहींत. तें काम राज्यघटनेचें. गंमत अशी कीं, २६ जानेवारी १९५० रोजीं तोच निजाम हैदराबादचा राजप्रमुख झाला व १९५६ पर्यंत राहिला! पण आतां त्याचें पद घटनेच्या कलमांतून आलेलें होतें. १९५१-५२ च्या निवडणुकींत वाड्यांतला देशमुख आणि त्याचा सालगडी यांच्या मतांचें वजन सारखें ठरलें. पडद्यांतल्या स्त्रीचेंही तितकेंच. आमच्या मुलखांत त्याआधीं असें कधीं घडलें होतें?

म्हणून '१७ सप्टेंबर आपला, २६ जानेवारी दिल्लीची' ही जी वांटणी आमचे कांहीं विद्वान मित्र करतात, ती आम्हांस साफ अमान्य आहे. मुक्तिदिनाचा अभिमान आम्हांसही आहे. येथील विद्यापीठ १९९४ सालीं त्याच दिवशीं स्थापन झालें, स्वामीजींचेंच नांव घेऊन. पण राजा गेल्याचा आनंद करावयाचा आणि मताचा हक्क मिळाल्याचा दिवस झोपून काढावयाचा, ही वृत्ति अजून रयतेचीच आहे.

तो विलायती गृहस्थ पुन्हा येईल. त्याला जिलबी अवश्य वाढावी. पण आपल्या आजी-पणजीनें पहिलें मत कोणत्या गांवीं, कोणत्या शाळेंत दिलें, तें तोंवर घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून ठेवावें.