जमीन विकण्यापूर्वी

गेल्या महिन्यात आम्ही हिंजवडीला चाचाजानांकडे गेलो होतो. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन चार वर्षे झाली. कपबशी हातात वाजते म्हणून ते पाहुण्यांसमोर चहाच घेत नाहीत. आयटी पार्कात नोकरीला असलेल्या मुलाने मोबाइलवरची जाहिरात दाखवली: ‘ग्रोथ फॅक्टरच्या इंजेक्शनने मेंदूच्या पेशी वाचवा.’ खर्च काही लाख. गावची जमीन विकायची बोलणी घरात सुरू होती.

मेंदूच्या तळाजवळ काळसर पेशींचा छोटा पट्टा असतो. तेथे डोपामिन तयार होते आणि त्यावर आपली हालचाल सुरळीत चालते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरू लागेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

ग्रोथ फॅक्टर ही थाप नव्हे. ही शरीरातलीच प्रथिने असून त्यांतली काही चेतापेशींना जगवतात. त्यांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६चे नोबेल मिळाले. डोपामिनच्या पेशींना जगवणारे जीडीएनएफ १९९३ मध्ये सापडले. अडचण एवढीच की ते रक्तातून मेंदूत शिरत नाही; दंडात टोचून उपयोग नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ४१ रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने नळ्या बसवून ते थेट सोडण्याची चाचणी झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या स्कॅनमध्ये सुधारणा दिसली, पण नऊ महिन्यांनी लक्षणांत, नुसते द्रावण मिळालेल्यांच्या तुलनेत, ठळक फरक आढळला नाही. संशोधन चालू आहे. दुकानात विकण्याजोगे औषध अजून नाही. शिवाय खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की सावध व्हावे.

मग करायचे काय? लेव्होडोपाच्या गोळ्या घड्याळ लावून द्या. त्या एकदम बंद करणे धोक्याचे असते, म्हणून रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोजातून सवलत आहेच. रोज चालणे, व्यायाम सोडू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तेथे असेच हात थरथरणारी माणसे भेटतात.

जमीन विकायची नाही, असे त्या रात्री ठरले. निघताना चाचीजानने मोठ्या मगात अर्धाच चहा भरून चाचाजानांपुढे ठेवला. ते दोन्ही हातांनी मग धरून आमच्याबरोबर चहा प्यायले.