आजोबांचा फेटा हिरवट का दिसतो?

घराघरांत भिंतीवर एखादी जुनी तसबीर असतेच. फेटा बांधून खुर्चीत बसलेले आजोबा, नाही तर नऊवारी नेसून उभी असलेली आजी. पुष्कळदा त्या माणसाचा सबंध आयुष्यात काढलेला तेवढा एकच फोटो. वर्षश्राद्ध जवळ आले, की कोणी तरी तो पिशवीत घालून नाशिकला नेतो आणि मोठा करून आणतो. दुकानात तो बरा दिसतो. घरी ओसरीवर उजेडात धरला, की आजोबांचा पांढरा फेटा हिरवट, नाही तर गुलाबी! फोटो तर काळा-पांढरा, मग हा रंग आला कुठून?

आधी जुना फोटो कसा होई ते पाहू. आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमा काढण्याआधी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला. त्या काळच्या फोटोच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असे. उजेड लागलेल्या जागी औषधाने चांदीचे बारीक काळे कण तयार होत. उरलेले क्षार हायपोच्या पाण्यात निघून जात. काळे करणारा पदार्थ एकच, म्हणून रंगांचे भांडणच नव्हते. हायपो नीट धुतला गेला नसेल, तर मात्र फोटो पुढे पिवळट-तपकिरी पडतो.

आता बहुतेक ठिकाणी काळा-पांढरा फोटोही रंगीत यंत्रावरच निघतो. तिथे निळा, गुलाबी आणि पिवळा असे तीन रंग एकत्र करून करडा रंग साधतात. आपल्या तिफणीसारखेच हे काम. तिन्ही नळ्यांतून बी सारखे पडले तर पेर एकसारखी. एक नळी तुंबली की तेवढी ओळ विरळ. तसाच गुलाबी रंग किंचित कमी पडला, की फोटो हिरवट दिसतो. जास्त झाला, की गुलाबी. गडद काळ्यात हे कळत नाही. गाल, फेटा, पांढरे लुगडे अशा फिक्या जागी लगेच डोळ्यांत भरते. शिवाय काही शाई ट्यूबच्या उजेडात करडी दिसते आणि उन्हात रंग बदलते. दुकानात बरा वाटलेला फोटो घरी बिघडलेला दिसतो तो यामुळेही.

मग काय करावे? फोटो स्कॅन करून झाला, की दुकानदाराला सांगावे, ‘यातला रंग पूर्ण काढा, ग्रेस्केल करा.’ नाही तर जुन्या कागदाचा पिवळेपणा नव्या फोटोत उतरतो. छापताना यंत्रात ब्लॅक अँड व्हाइटची सोय असेल तर तीच लावायला सांगावी आणि जो कागद घातला आहे त्याचीच निवड यंत्रात करायला लावावी. काही चांगल्या यंत्रांत काळ्याबरोबर करड्या शाईचे वेगळे डबे असतात. त्यांवर रंगाची झाक फार कमी येते. साध्या यंत्रावर नुसत्या काळ्या शाईने छापले तर झाक येत नाही, पण गालांवर बारीक ठिपके दिसतात.

मोठा फोटो काढण्याआधी चेहऱ्याची एक छोटी पट्टी छापून घ्यावी. ती दुकानाबाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावी. हिरवट वाटली तर गुलाबी थोडा वाढवायला सांगावे, गुलाबी वाटली तर कमी करायला. पट्टीचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मोठा फोटो वाया जाण्यापेक्षा ते स्वस्त.

सर्वांत मोठी काळजी मूळ फोटोची. नवा फोटो बिघडला तर पुन्हा निघेल, मूळ गेला तर आजोबांचा चेहराच गेला. त्याला लॅमिनेशन करू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. काचेसकट स्कॅन करून घ्या. ग्रेस्केल करण्याआधी, आहे तशा रंगातली एक प्रतही जपून ठेवायला सांगा. निगेटिव्ह सापडली तर फेकू नका.

आणि एक. फोटोतले कोण, हे सांगणारे म्हातारे माणूस घरात आहे तोवर त्यांच्याजवळ बसा. नाव, गाव आणि साल पाकिटावर लिहून ठेवा. नाही तर फोटो स्वच्छ राहील, पण तो कोणाचा हे नातवंडांना कोण सांगणार?