विकतच्या दुव्यांचे दुखणे

दिल्लीच्या पुसा परिसरातील शास्त्रज्ञाला संदर्भाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. आपल्या शोधनिबंधाचा दाखला कोणी घेतला, किती जणांनी घेतला, तो ज्या नियतकालिकात छापून आला त्याला राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने किती गुण दिले, याचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. दाखले विकत घेणारे आणि आपापसांत वाटून घेणारेही त्याच्या पाहण्यात आलेले असतात. अशा मंडळींविषयी तो खासगीत जे बोलतो ते येथे लिहिण्यासारखे नाही. मात्र संस्थेच्या संकेतस्थळाची निविदा ठरवणाऱ्या समितीवर तोच शास्त्रज्ञ बसतो, तेव्हा ‘गुगलच्या पहिल्या पानावर स्थान मिळवून देणे’ ही अट त्याच्या नजरेखालून अनेकदा सहज निसटते. वास्तविक ही अट म्हणजे दाखले विकत घेण्याचेच दुसरे रूप आहे.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये गुगलची पायाभरणी केली, ती ग्रंथसंदर्भांच्या गणनेवरून स्फुरलेल्या कल्पनेवर. एखाद्या पानाकडे इतर संकेतस्थळांवरून येणारा दुवा, ज्याला या व्यवसायात ‘बॅकलिंक’ म्हणतात, हा त्या पानाच्या बाजूने दिलेला दाखला मानावा आणि दाखला देणाऱ्याची पत पाहून त्याचे वजन ठरवावे, असा तो विचार होता. पत मोजली जाऊ लागली की पतीचा बाजार भरतो. नोएडा, गुरुग्राम आणि दिल्लीत संकेतस्थळांना वर आणून देण्याची सेवा विकणाऱ्या कितीतरी लहानमोठ्या आस्थापना आहेत. त्यांतील सगळ्याच लबाड नाहीत. परंतु ‘अमुक रुपयांत पाचशे दुवे’ असे दरपत्रक समोर आले, तर ते दुवे कोठून येणार हे विचारणे ग्राहकाचे काम आहे. ते बहुधा कोणी न वाचणाऱ्या लेखांतून, केवळ दुव्यांसाठी उभारलेल्या संकेतस्थळांतून आणि एकमेकांना टेकू देणाऱ्या जाळ्यांतून येतात.

या बाजाराला पहिला मोठा तडाखा 24 एप्रिल 2012 रोजी बसला. गुगलने त्या दिवशी ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा लागू केली आणि विकतच्या दुव्यांवर उभी असलेली असंख्य पाने एका रात्रीत खाली गेली. त्या काळी शिक्षा दीर्घ असे. चूक सुधारली तरी पुढची फेरी येईपर्यंत थांबावे लागे. 2014 च्या ऑक्टोबरनंतरची फेरी यायला जवळजवळ दोन वर्षे लागली. सप्टेंबर 2016 पासून हे काम सततच्या प्रक्रियेत सामील झाले आणि भरही बदलला: वाईट दुवा आढळला की संपूर्ण संकेतस्थळाला खाली ढकलण्याऐवजी त्या दुव्याचे वजन शून्य धरले जाऊ लागले.

हा बदल नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याच्या अज्ञानावरच आता दुसरा धंदा चालतो. ‘तुमच्या संकेतस्थळाकडे चार हजार विषारी दुवे येत आहेत, ते काढून देतो’ असे पत्र आले की अधिकारी घाबरतात. वाऱ्याबरोबर बांधावर येऊन पडणाऱ्या तणाच्या बियांसारखे फुटकळ, निरर्थक दुवे प्रत्येकच जुन्या संकेतस्थळाकडे येत असतात. त्यांना शोधयंत्र बहुतांशी स्वतःच बाजूला सारते. त्यासाठी पैसे मोजणे म्हणजे न लागलेल्या किडीवर फवारणी करणे होय.

चिंतेची बाब निराळी आहे. गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ या सुविधेत मानवी तपासनीसाने केलेल्या कारवाईची नोंद दिसते. तेथे ‘अनैसर्गिक दुवे’ असा शेरा आला असेल, तर मात्र शिक्षा झालेली आहे. अशा वेळी आधी घरातली कागदपत्रे तपासावीत: दुवे कोणी विकत घेतले, कोणत्या कंत्राटाखाली, कोणत्या वर्षी. मग ज्या संकेतस्थळांवर ते लावले गेले त्यांना लिहून ते काढवून घ्यावेत, किंवा निदान ते प्रायोजित असल्याची खूण त्यांवर करवून घ्यावी. जे निघतच नाहीत त्यांची यादी साध्या मजकूर-फाइलमध्ये करून गुगलला सादर करता येते. ऑक्टोबर 2012 पासून ही सोय आहे. हा शेवटचा उपाय आहे. घाईघाईने यादी केली तर विद्यापीठांकडून आणि कृषी विज्ञान केंद्रांकडून आलेले प्रामाणिक दुवेही आपणच नाकारून बसतो. त्यानंतर पुनर्विचाराचा अर्ज करायचा. त्यात काय चुकले, काय केले आणि काय उरले हे स्पष्ट लिहायचे. ‘आम्हाला काहीच ठाऊक नव्हते’ हे वाक्य त्या अर्जात शोभत नाही, आणि सरकारी पैशाने निविदा काढणाऱ्या संस्थेच्या तोंडी तर मुळीच नाही.

शिक्षा देणारा तरी धुतल्या तांदळासारखा आहे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. भारतीय स्पर्धा आयोगाने दिल्लीतूनच फेब्रुवारी 2018 मध्ये शोधनिकालांतील पक्षपातासाठी गुगलला 135.86 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. एका खासगी कंपनीच्या तराजूत सार्वजनिक ज्ञान तोलले जावे, हे खटकण्यासारखेच आहे. पण तराजू सदोष आहे म्हणून आपण मापात खोट करावी, असे त्यातून निघत नाही.

आतापर्यंतचा विचार येणाऱ्या दुव्यांचा झाला. सार्वजनिक संस्थांचे खरे दुबळेपण मात्र बाहेर जाणाऱ्या दुव्यांत आहे. सरकारी आणि शैक्षणिक पत्त्यांना लोकांत पत असते, म्हणून दुवे विकणाऱ्यांना तीच संकेतस्थळे हवी असतात. 2024 मध्ये ‘टेकक्रंच’ या वृत्तसंकेतस्थळाने गोव्यासह अनेक राज्यांच्या शासकीय पत्त्यांवर ऑनलाइन सट्ट्याकडे नेणारे दुवे पेरलेले आढळल्याचे वृत्त दिले. संस्थेचे मुखपृष्ठ जसेच्या तसे दिसते, वार्षिक अहवाल जागेवर असतो. पण कोणी न पाहिलेल्या एखाद्या कप्प्यात जुगाराची शेकडो पाने उगवलेली असतात. विकतच्या दुव्यांच्या बाजारात माल कोठून येतो, याचे हेही एक उत्तर आहे. गुगलमध्ये ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत, त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह आणि लगेच आपला पत्ता लिहून शोध घेतला, तर आपल्या नावावर काय काय नोंदले गेले आहे ते पाच मिनिटांत दिसते. ही तपासणी संगणक विभागातील कनिष्ठ कर्मचारीही करू शकतो.

असा प्रकार आढळल्यास ती पाने पुसून गप्प बसण्याकडे कल असतो. हरळीचे पाते खुडले म्हणजे हरळी गेली असे कोणी शेतकरी मानत नाही. ज्या जुन्या प्रणालीतून किंवा सैल संकेतशब्दातून शिरकाव झाला ते मूळ शोधावे लागते. शिवाय सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी 180 दिवस जपणे बंधनकारक आहे. नोंदी पुसून केलेली सफाई ही सफाई नव्हेच.

या साऱ्याचा शेतकऱ्याशी काय संबंध? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती संकेतस्थळांच्या क्रमवारीत शोधणे हास्यास्पद ठरेल. परंतु आज कापसावरची बोंडअळी दिसली की तरुण शेतकरी खिशातला फोन काढतो. कोणते औषध, किती मात्रा, कोणते दोन मिसळू नयेत, हे तो मराठीत विचारतो. संशोधन संस्थेचे पान शिक्षेमुळे दिसेनासे झाले असेल, तर त्या जागी औषध विकणाऱ्याचे पान उत्तर देते.

म्हणून निविदांतून क्रमांकाची हमी मागणारे कलम काढून टाकावे. क्रमांक कोणाच्याही हाती नसल्याने त्याची हमी देणारा एक तर अजाण असतो किंवा अप्रामाणिक. त्या पैशात शिफारशींची जुनी पीडीएफ वाचनीय मराठी पानांत आणावीत. तशा पानांकडे दुवे आपोआप येतात. सर्च कन्सोलची मालकी संस्थेच्या अधिकृत खात्याकडे असावी. ती कंत्राटदाराच्या व्यक्तिगत खात्याकडे असली, तर कंत्राट संपताना शिक्षेची सूचना वाचणाराही निघून जातो. आणि दुव्यांची वार्षिक तपासणी मार्चअखेरच्या धांदलीत न उरकता एप्रिलच्या प्रारंभी व्हावी. पुनर्विचाराच्या अर्जाला उत्तर यायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि जूनच्या मध्यावर विदर्भात पेरणीची घाई सुरू झालेली असते.