बाणाग्र आणि त्याचा संदर्भ

संदर्भावाचून शब्दाचा अर्थ ठरत नाही, हे आपण जाणताच. प्रागैतिहासिक दगडी बाणाग्रांनाही हाच न्याय लावावा, असे माझे मत आहे. आल्प्स पर्वतात १९९१ साली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी' या पुरुषाचे बर्फात टिकलेले शव सापडले. त्याच्या भात्यातील १४ बाणांपैकी दोनच बाणांना चकमकीच्या दगडाची अग्रे बसवलेली होती. पुढे २००१ साली क्ष-किरण तपासणीत असेच एक दगडी अग्र त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले आढळले. भात्यातील अग्र हे त्याचे साधन. खांद्यातील अग्र हा त्याच्या हत्येचा पुरावा. आकार व दगड यांवरून प्रकार ओळखता येतो; अर्थ मात्र सापडल्या जागेवरूनच उलगडतो. म्हणून डोंगरात असे बाणाग्र दिसल्यास ते उचलू नका. जागेची नोंद करून पुरातत्त्व खात्यास कळवा.