राख टाकू नका

मे निम्मा सरला, व्हरमाँटमध्ये लोक हाफपँट घालून हिंडू लागले, मी मात्र अजून स्वेटरातच आहे. अशात शनिवारी सकाळी जावई म्हणाला, "बाबा, आज शेगडी बंद करू." मला वाटलं, एक बटण दाबायचं असेल. पुण्यात हिवाळा संपला की शाली ट्रंकेत जातात आणि विषय मिटतो. इथे अख्खा शनिवार गेला.

ही शेगडी म्हणजे पेलेट स्टोव्ह. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या चाळीस-चाळीस पौंडांच्या पिशव्यांतून येतात. त्या वरच्या टाकीत ओतायच्या. विजेवर फिरणारा मळसूत्री दांडा त्या थोड्याथोड्या जाळावर सोडतो. उन्हाळाभर त्या टाकीत राहिल्या, तर दमट हवेने फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि दांडा अडकतो. आत राहिलेली राख ओल धरते, लोखंड गंजतं. म्हणून टाकी रिकामी होईपर्यंत जाळायचं, गार झाल्यावर राख-काजळी काढायची, प्लग काढायचा आणि पाखरं-उंदीर शिरू नयेत म्हणून धुराड्याचं तोंड बोळा कोंबून बंद करायचं.

मी घरकामात किती कच्चा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा माझ्याकडे फक्त दाराची काच पुसणं आलं. काच कसली, तव्याची पाठ! जावयाने फवाऱ्याची महागडी बाटली दिली. अर्धी संपली, काच तशीच. मग सौभाग्यवती आल्या. ओल्या वर्तमानपत्राचा बोळा केला, राखेत बुडवला आणि चार हात मारले. पलीकडचं दिसू लागलं. जावयाने बाटली मुकाट्याने कपाटात ठेवली.

इथवर ठीक होतं. पण मग तिला वाड्यातला बंब आठवला. बंबाच्या राखेने घासलेली भांडी, चिंचेने उजळलेलं तांब्याचं घंगाळ, सगळं आठवलं. जावई राखेची बादली घेऊन परसात निघाला होता, तर ही ओरडली, "अहो, त्याला सांगा, राख टाकू नका!" लेकीची समई, तांब्या, पूजेचं तबक संध्याकाळपर्यंत झळकत होतं. तरी राख उरलीच. आता ती डब्यात भरून पुण्याला न्यायची म्हणते. मी विचारलं, विमानतळावर कोणी डबा उघडला तर काय सांगणार, कोणाच्या अस्थी? तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

शेगडीचं राहिलंच. धुराड्यात बोळा आहे हे विसरून ऑक्टोबरात पेटवली तर घरभर धूर होईल, म्हणून टाकीवर चिठ्ठी लावायचं काम मी आपणहून घेतलं. ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'आधी धुराड्यातला बोळा काढा.' जावई तमिळ आहे. त्याने चिठ्ठीकडे आदराने पाहिलं आणि मान डोलावली. ऑक्टोबर लागला की कोणीतरी मला त्याला फोन करायची आठवण करा.