‘हं’ म्हणता येते ना? मग चिनीही येईल!

गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, “मुलगी बी.कॉम. झाली. आता चिनी भाषेचा वर्ग लावते म्हणते. फी बरीच आहे. तिचे मामा म्हणतात, जिला इंग्रजी धड बोलता येत नाही ती चिनी काय शिकणार? मी चौथी शिकलेली बाई. तिला काय सांगू?”

ताई, तुमचा प्रश्न फीचा आहे, तसाच तो मामांच्या त्या वाक्याचाही आहे. फीचे नंतर पाहू. आधी वाक्य पाहू, कारण असल्या एका वाक्याने आपल्या घरांतली किती मुले मागच्या बाकावर जाऊन बसली, हे आपण जाणतो.

पहिली गोष्ट, इंग्रजी ही चिनीची पायरी नाही. उलट आपली मायबोलीच येथे जास्त कामाला येते. चीनच्या राजधानीचे नाव रोमन लिपीत ‘बी’ने सुरू होते, पण चिनी माणसाच्या तोंडी तो उच्चार आपल्या ‘प’च्या जवळचा असतो. जिथे ‘पी’ लिहिलेला असतो तिथे ओठ मिटून, हवा सोडून ‘फ’ म्हणायचा. त आणि थ, क आणि ख यांचेही तसेच. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा भेद मुद्दाम घटवावा लागतो. मराठी मुलाने तो बाराखडी गिरवतानाच शिकलेला असतो. ‘चूल’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे, हे तुम्हाला कोणी शिकवले होते का? चिनीतही असे वेगवेगळे च आहेत. आणि तो चहा हा शब्दसुद्धा मुळात चीनमधूनच आलेला आहे!

अवघड आहे ते सूर. ‘मा’ हा एकच उच्चार चार सुरांत चार अर्थ देतो. उंच आणि सपाट म्हटला तर आई, खालून वर चढवला तर ताग-अंबाडीसारखी वनस्पती, खाली दाबून म्हटला तर घोडा, आणि झटक्याने खाली आणला तर शिवी देणे. ‘माय’ एका सुरात विकत घेणे, तर दुसऱ्या सुरात विकणे. दुकानात चूक झाली तर काय होईल, विचार करा! पण आपणही ‘हं’ किती तऱ्हांनी म्हणतो? विचारताना ‘हं?’, दटावताना ‘हं!’, पटले नाही की लांबवलेला ‘हंऽ’. आपल्याकडे सुराने मन कळते, त्यांच्याकडे शब्दच बदलतो, एवढाच फरक.

व्याकरण मात्र सोपे. गेलो, गेली, गेले, गेल्या असली भानगड नाही. मी, तू, ते, सर्वांना क्रियापद एकच. आपल्या मुलांना ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत घाम फुटतो. चिनी मूल सरळ ‘पाच-दहा-नऊ’ म्हणते.

खरी कसोटी लिपीची. तेथे बाराखडी नाही, शब्दाशब्दाची चिन्हे आहेत. माणसाच्या चिन्हाशेजारी झाडाचे चिन्ह काढले की ‘विश्रांती’. ‘आई’ लिहिताना बाईच्या चिन्हाशेजारी घोड्याचे काढतात. घोड्याचा अर्थाशी संबंध नाही, तो केवळ ‘मा’ हा उच्चार सांगतो. बहुतेक चिन्हे अशीच, एक भाग अर्थाचा, एक उच्चाराचा. १९८८ साली चीन सरकारने नेहमीच्या वापरातल्या ३,५०० चिन्हांची यादी केली. त्याच वर्षी खेड्यातल्या माणसाला साक्षर म्हणण्यासाठी १,५०० चिन्हांची अट ठरली. अक्षरओळख अशी महाग म्हणूनच त्यांनी १९५६ पासून चिन्हे सोपी केली आणि १९५८ साली उच्चार शिकण्यासाठी रोमन लेखनपद्धती आणली. अक्षर गरिबाच्या हाती यावे यासाठी तेथेही खटपट करावी लागली.

मोठ्या वयात हे जमते का? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ऐन युद्धात चिनी शिकले, त्याच भाषेत रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी बोलू लागले. १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच वारले. पुण्याचे पु. वि. बापट पालीचे पंडित. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ संपूर्ण रूपात चिनी भाषांतरातच उरला होता, म्हणून ते चिनी शिकले. ‘विसुद्धिमग्गा’शी त्याची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९३७ साली निघाला.

त्याही आधी कुमारजीव. वडील भारतीय, जन्म मध्य आशियातल्या कुचाचा. सेनापतीने धरून नेले, सुमारे सतरा वर्षे अडकवून ठेवले. त्या काळात ते चिनी शिकले आणि इ.स. ४०१ च्या अखेरीस छांगआनला पोचल्यावर त्यांनी केलेली भाषांतरे चीनमध्ये आजही वाचली जातात. अशा भाषांतरांतूनच आपले ‘ध्यान’ तेथे ‘छान’ झाले, ‘क्षण’ ‘छाना’ झाला. तुमच्या मुलीला हे शब्द तेथे भेटतील, तेव्हा परक्या घरात माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल.

आता फीचे. कर्ज काढून सबंध अभ्यासक्रमाचे पैसे एकदम भरू नका. आधी एक-दोन तास बसू द्या. शिक्षक प्रत्येक मुलाचा सूर ऐकून दुरुस्त करतात का, ते तिला पाहायला सांगा. करत नसतील तर दुसरा वर्ग शोधा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘एचएसके’ नावाची परीक्षा असते, तिची तयारी करून घेतात का, हे विचारा. दुभाष्याचे, भाषांतराचे काम असते, पण ते सहा महिन्यांत नव्हे, काही वर्षांच्या मेहनतीने मिळते. बी.कॉम.ची जोड तिला उपयोगी पडेल. चौकटीची वही आणि रोजचा अर्धा तास, हे मात्र चुकवू नये.

आणि ताई, तिची परीक्षा तुम्हीच घ्या. भाकरी थापताना तिला चारही ‘मा’ म्हणायला लावा. डोळे मिटून ऐका. चारही वेगळे ऐकू आले, तर मुलगी नीट शिकते आहे असे समजा. त्याला चौथीही लागत नाही, आईचा कान पुरतो. मग मामांना जेवायला बोलवा आणि त्यांनाही ऐकवा.